पाव फेरा

अठरा ग्रॅमची कडी. सोळात बसव म्हणतात.
दोनशे नव्वद खुर्च्या, प्रत्येकीला एक,
वर्षाच्या इंधनाचा हिशेब कुणीतरी मांडून ठेवलाय.
मी नुसती तिच्या पोटातून धातू खरवडते आहे,
संत्र्याच्या सालीइतका, मग त्याहून पातळ.

वेल्समध्ये, कुम्ब्रानच्या या शेडबाहेर
डिसेंबरात चारलाच काळोख.
टेकडीवर मेंढ्या,
कुणाच्या हातून सांडलेले वॉशर.

पुढच्या खुर्चीच्या पाठीला दुमडलेला ट्रे
धरून ठेवायचा, एवढंच काम.
पाव फेरा: सुटला.
उलटा पाव फेरा: धरला.

एम्रिसला सांगितलं, आमच्याकडे गाठी दोन.
सुरगाठ, टोक ओढलं की आपसूक मोकळी.
निरगाठ, दातांनाही दाद न देणारी.
मला दोन्ही एकाच गाठीत हव्यात.
मग तुला जादूगार लागेल, म्हणाला,
आणि चहा आणायला गेला.

नियम सरळ आहे.
एका बोटानं उघडावी,
बोट ऐंशी वर्षांचं असलं तरी.
आणि आदळण्याच्या क्षणी
ट्रे नऊपट जड होऊन पुढे झेपावेल
तेव्हा जागची हलू नये.
हे ‘तेव्हा’ मी रोज चौथ्या रकान्यात लिहिते,
आकडा म्हणून.
एकदाच आकड्याच्या पलीकडे पाहिलं.
रांग एकतीस होती, खिडकीशी कुणीतरी होतं.
त्या दुपारी भिंत अर्ध्या मिलिमीटरनं जाड केली.
कारणाच्या जागी लिहिलं: ताण.
ते दोन ग्रॅम अजून तिथेच आहेत.

एम्रिस प्यू, एकोणतीस वर्षं चाचणीच्या टेबलाशी.
त्याच्या बोटांच्या पेरांवरही गाठी, निरगाठी,
थंडीत लाल होणाऱ्या.
यंत्र पन्नास हजार वेळा उघडतं, मिटतं,
सारखं, न कंटाळता.
मग तो एकदा.
यंत्राचा आलेख मी फाइलला लावते,
पण बघते त्याच्या चेहऱ्याकडे.

नंतर आवाजाची मीटिंग.
गिऱ्हाइकाला बंद होताना ‘महाग’ ऐकू यायला हवं होतं.
सहा माणसं, तीन तास, एका ट्रेला कान लावून.
त्यांच्यापाशी एकच शब्द, क्लिक,
हा क्लिक, तो क्लिक, जरा मऊ क्लिक.
मी आतल्या आत माझा डबा उघडून बसले:
खट्, शाळेच्या बाकाचं झाकण.
टिच्, जत्रेतली कंपासपेटी.
टक्, कुणीतरी जिभेनं हळहळतंय.
नको, नको, नको.
शिसपेन्सिलीच्या टोकाएवढं रबर लावलं,
दोन दशांशानं मागे सरकवलं, आणि आला:
खुट्ट.
रात्री घरात कुणी उठलंय, आपलंच माणूस,
पाणी प्यायला, एवढाच.
मंजूर, म्हणाले. नमुना नववा.

आता खरं सांगते.
माझ्या स्वयंपाकघरातल्या कपाटाचं दार
दोन वर्षं रबरबँडनं बांधलेलं होतं.
रबर तुटलं की दुसरं,
पोस्टमन वाटेत टाकतो त्यातलंच.
निवृत्तीनंतरच्या पहिल्या शनिवारी
एम्रिस ड्रिल घेऊन दारात उभा.
खिशात नापास झालेला नमुना सातवा,
एकवीस ग्रॅमचा, उद्धट.
गुडघ्यावर बसून स्क्रू पिळले,
रबरबँड काढून माझ्या हातात दिला,
आणि वाकड्या तर्जनीनं
पाव फेरा.

दुखलं का, मी विचारलं.
अकरा न्यूटन, तो म्हणाला.

रोज सकाळी चहापत्ती काढताना
शेजारच्या भिंतीपर्यंत जातो:
खट्.